हरकती व सूचना

काळेवाडी,
२१ सप्टेंबर २०२५

मधुकाकांना कस्तुराचा नमस्कार.

पत्र बघून तुम्ही हसताल. काळेवाडी ते पिंपळे सौदागर, मधी एक रहाटणी, अन् ही बाई टपालानं पत्र धाडती! पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मागं स्वतः आले होते, तर गेटवरच्या वॉचमननं मोबाइलमधी माझा फोटो काढून वर पाठवला. वरून कुणी 'हो' म्हणलं नाही. अर्धा तास उभी राहून परत गेले. तुमच्या सूनबाई, चित्रावहिनी, घरी नसतील. जाऊ द्या. लहानपणी गावात तुमच्या ओसरीवर चढायला मला कुणाची परवानगी लागली नव्हती, एवढं मात्र मनात आलं.

काम असं हाय. मी पोळ्या लाटते त्या कंपनीच्या कॅन्टीनमधी टेबलावर जुने पेपर अंथरतेत. परवा भाजी निवडताना देठाखाली सांगवडेकर वकिलाचा फोटो दिसला. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदासाठी शिफारस, असं मोठ्या अक्षरात. भाजी तशीच टाकून मी तो कागद उचलला हो काका. सोबतची सुमनताई म्हणली, काय गं, कोण गेलं? म्हणलं, गेलं कुणी नाही, यायलेत.

तुम्हाला सगळं माहीतच हाय, पण लिहिते, म्हणजे मलाबी धीर येईल. आमचे हे, समाधान, जाऊन अकरा वर्षं झाली. महाळुंग्याच्या त्या शेडमधी प्रेस मशीन अंगावर आली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर सुपरवायझरनं काढून ठेवला होता, माल भराभर निघावा म्हणून. कोर्टात कंपनीकडून हा सांगवडेकर उभा राहिला अन् कुठल्यातरी दवाखान्याची चिठ्ठी पुढं केली. 'तोंडास दारूचा वास.' अहो, मशीनचा साचा, ती डाय, पुसायच्या थिनरचा वास तो! रोज घरी आले की मी म्हणायची, आधी अंघोळ, मग चहा. गळ्यात माळ घातलेला माणूस. पण निकालात लिहून बसलं, 'मयत दारूच्या अमलाखाली असल्याने स्वतःच्या चुकीने.' ते वाक्य अजून तसंच हाय. गेल्या साली करिष्माला बघायला आलेल्या पाहुण्यांनी मोबाइलवर निकाल काढून माझ्या पुढ्यात वाचला. पोरीनं त्या दिवसापासून बापाचा फोटो भिंतीवरून काढून पेटीत ठेवलाय. ते वाक्य पुसलं गेल्याशिवाय मी काही मरत नाही. वर अपील केलेलं हाय, ते सात वर्षं झाली पडून हाय.

आता मला सांगा, सांगवडेकराच्या नेमणुकीवर हरकत कुठं द्यायची? विकास आराखड्यात आमच्या गल्लीवरून रस्ता दाखवला, तेव्हा हरकती व सूचना मागवल्या होत्या. मीपण दिली. शिक्का मारून पोच दिली, सुनावणीला नाव पुकारलं. बारा मीटरच्या रस्त्याला माणसाला एवढं विचारतेत, तर हायकोर्टाचा जज नेमताना विचारत असतीलच की. मुदत किती असती, तीस दिवस का साठ? मुदत टळायला नको.

अन् दुसरं. ती चिठ्ठी पुढं आली त्या दिवशी माझा वकील गैरहजर होता. जजसाहेबांनी मला विचारलं अन् मी जे बोलले, ते तुम्ही कोर्टाचे स्टेनो म्हणून खाली बसून लिहून घेतलंय. तुम्ही होता म्हणून मी बिनघोर होते. आपल्या गावचा माणूस लिहितोय म्हणल्यावर माझा शब्द कुठं जातोय! तेवढं माझं बोलणं मला हरकतीला जोडायचंय.

तुमची,
कस्तुरा

---

पिंपळे सौदागर,
विजयादशमी, २ ऑक्टोबर २०२५

चि. कस्तुरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गेटवरचा प्रकार वाचून शरम वाटली. या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर माझीही अवस्था तुझ्याहून फार वेगळी नाही. मला आत सोडतात, एवढाच फरक. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर तिथे एकतीस वर्षं पगार घेतला. तेव्हा माझ्या शहाणपणाबद्दल तू काही अपेक्षा ठेवू नकोस.

आता मुद्द्याचं. बाळ, तू समजतेस तशी हरकतींची मुदत नसते. तीस दिवस नाही, साठ नाही, एक दिवससुद्धा नाही. खालच्या न्यायाधीशांची परीक्षा होते. वरच्या कोर्टाचं तसं नाही. तिथले दोन-चार ज्येष्ठ न्यायमूर्ती बंद खोलीत बसतात आणि नावं काढतात. सरकार गुपचूप चौकशी करून घेतं. मग दिल्लीत आणखी काही ज्येष्ठ बसतात, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही होते. नावं काढणाऱ्या त्या ज्येष्ठांना कॉलेजियम म्हणतात. नाव जाहीर होतं ते ठरल्यावर. लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुलगी पसंत आहे का, असं विचारण्यात काय अर्थ?

तू म्हणशील, असं का? त्यालाही कारण आहे. लोकांना विचारू लागलो तर ज्याच्यामागे माणसं जास्त, त्याचा जज होईल. मग नगरसेवक, बिल्डर आणि जमिनी विकून गबर झालेले गुंठामंत्री मिळून न्यायमूर्ती निवडतील, आणि चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स लागतील. तू तिथेही हरशीलच. म्हणून दार बंद ठेवलं आहे. दार बंद ठेवल्याने आतली हवा चांगली राहते की नाही, ते मात्र मला विचारू नकोस.

राहिलं तुझं त्या दिवशीचं बोलणं. सात वर्षं झाली गं. रोज पन्नास माणसं बोलायची. साहेब सांगतील ते लिहायचं, हाच आमचा धर्म. ते आता कुठे शोधणार?

करिष्माला आशीर्वाद. सोनं घ्यायला ये म्हटलं असतं, पण गेट आहेच.

तुझा,
मधुकाका

---

काळेवाडी,
१९ ऑक्टोबर २०२५

मधुकाका,

तुमचं जोडून लिहिलेलं अक्षर मला लागत नाही, म्हणून पत्र करिष्माकडून दोनदा वाचून घेतलं. एकदा समजायला अन् एकदा खात्री करायला.

काका, मी जज निवडायला कुठं मागतेय? मला कशाचं काय कळतंय त्यातलं! माझं म्हणणं एवढंच, की या माणसाबद्दल मला एक गोष्ट ठाऊक हाय, ती नेमणाऱ्यांना ठाऊक नाही. ती त्यांनी ऐकावी. ऐकून नेमलं तर नेमलं. घरात भाडेकरू ठेवताना माणूस शेजारणीला विचारतो, आधी कुठं राहत होता, कसा होता. हे तर अख्ख्या राज्याच्या डोक्यावर बसवायलेत. अन् शेजारीण ओरडून सांगतेय तर म्हणतेत, बाई, तुम्हाला कुणी विचारलं?

तर मी हरकत दिली. मुदत नसली तर नसली. आमच्या कॅन्टीनमधल्या अन् शेजारच्या दोन कंपन्यांतल्या बायकांच्या सह्या घेतल्या. एक्केचाळीस. त्यातल्या सोळा जणींच्या घरातलं कुणी ना कुणी मशीनमधी सापडलेलं हाय, बोट, हात, काही ना काही. सुमनताईनं अंगठा उठवला अन् म्हणली, हा अंगठा तरी शिल्लक हाय तोवर घ्या. विजयश्री बारावी शिकलेली, तिनं चांगल्या अक्षरात लिहिलं. वर 'विषय: हरकत' असं लिहिलं अन् एक मुंबईला, एक दिल्लीला स्पीड पोस्टानं पाठवलं. माझं त्या दिवशीचं बोलणं कोर्टाच्या कागदात लिहिलेलं हाय, हेबी त्यात टाकलंय. तुमचं नाव टाकलं नाही. तुम्हाला विचारल्याबगर कसं टाकणार?

अजून एक. रहाटणी चौकात फ्लेक्स लागलाय. सांगवडेकर वकिलाचं हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत तिसरा फोटो आपल्या शार्दूलचा हाय. करिष्मा म्हणली, आई, हा मधुआजोबांचा मुलगा ना? तो सांगवडेकराच्या ऑफिसात वकिली करतो, असं फोटोखाली लिहिलंय, हे तुम्ही बोलला नव्हता. मी रागावले नाही. पोटासाठी माणूस कुठंबी काम करतो, आम्हीबी त्याच महाळुंग्यात पोळ्या लाटतोच की. पण सांगायला काय जात होतं?

दिवाळीचा फराळ वॉचमनकडं ठेवून जाईन. मिळाला का ते कळवा.

कस्तुरा

---

पिंपळे सौदागर,
५ नोव्हेंबर २०२५

चि. कस्तुरा,

करंज्या मिळाल्या. चार माझ्या वाट्याला आल्या, बाकीच्या ओवीने संपवल्या. माझी नात गोडघाशी आहे.

शार्दूल तिथे सहा वर्षं आहे. सांगायचं राहिलं असं लिहिणार होतो, पण तू ते मानणार नाहीस. सांगितलं नाही, हेच खरं. सांगवडेकर हायकोर्टात गेले की त्यांचं ऑफिस शार्दूलकडे येईल, असं घरात बोलणं चालू आहे. मला ऐकू येत नाही असं समजून माझ्यासमोरच बोलतात. ओठ बघून मला बरंच कळतं.

तू पाठवलेल्या अर्जाची मला काळजी वाटते. अशा कागदावरून बदनामीचा, अवमानाचा खटला होऊ शकतो. तुला अटक करतील असं नाही म्हणत, पण ज्या सह्या करतात त्या बायकांना घरी बोलणी बसतात आणि मग दोष तुझ्यावर येतो. आता पुढे काही करू नकोस. अपिलाची वाट बघ. ज्याने खालच्या कोर्टात एका बाजूने वकिली केली, तो तुझं अपील ऐकायला बसू शकत नाही. एवढी लाज कायद्याला आहे.

मधुकाका

---

काळेवाडी,
७ डिसेंबर २०२५

मधुकाका,

तुम्ही म्हणला तसंच झालं. तुमची जीभ काळी हो!

मुंबईहून काहीच आलं नाही. दिल्लीहून दोन ओळींचा कागद आला: 'सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे,' असं विजयश्रीनं मराठीत करून सांगितलं. मी खूश झाले, म्हणलं दाखल तर झाला! तिनं खाली मान घातली. मग कळलं, दप्तरी दाखल म्हणजे पुरला. रस्त्याच्या हरकतीला निदान शिक्का मिळाला होता.

पंधरा दिवसांमागं साध्या कपड्यातली दोन माणसं कॅन्टीनला आली. कोण होती, कुणी पाठवली, ते सांगितलं नाही. सह्या कुणी गोळा केल्या, मागं कोणता पुढारी हाय, एवढंच विचारलं. मी म्हणलं, मागं कुणी नाही, मागं भांडी हाईत. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ठेकेदार बबनराव म्हणला, 'ताई, तुमच्यावर माझा राग नाही, पण उद्यापासून येऊ नका. माझं टेंडर जाईल राव.' नऊ वर्षं पोळ्या केल्या तिथं. अठ्ठावीस बायकांनी सही मागं घेतल्याचं लिहून दिलं. सुमनताईनं नाही दिलं. तिला बी घरी बसवलं.

त्याचं जाऊ द्या. खरी गोष्ट पुढं हाय. अपील बोर्डावर आलंय. १२ जानेवारीला सुनावणी. सरकारनं फुकट दिलेली वकीलबाई हाय, चांगली हाय, कागद वाचून येती. ती म्हणली, चिठ्ठी दाखल होताना तुम्ही हरकत घेतली होती का? म्हणलं, घेतली म्हणजे काय, भर कोर्टात बोलले! मग आम्ही त्या दिवसाच्या कागदाची नक्कल काढली.

काका, त्यात एवढंच हाय: 'सदर दस्त दाखल करण्यास अर्जदाराची हरकत नाही.'

एकच ओळ. मी चारदा बघितलं, पान उलटून मागं बघितलं. मला तर चांगलं आठवतंय. साहेबांनी विचारलं, हा कागद घेतोय, हरकत आहे का? मी म्हणले, हरकत नाही, बघा की. आपल्याकडं नाही का म्हणत, पाहुणा म्हणला बसू का, तर हरकत नाही, बसा! तसं. अन् त्याच्याच पुढं म्हणले, कागद खोटा हाय. बाकीचं कुठं गेलं?

वकीलबाई म्हणती, त्या दिवशीच्या स्टेनोनं शपथेवर लिहून दिलं, की बाई पुढं असं असं बोलली होती, तर कोर्टाला निदान विचार करावा लागेल. नाहीतर खेळ खलास. काका, मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नाही. ही एक सही द्या. शार्दूलला अडचण होईल, मला कळतंय. पण माझ्या माणसाच्या नावावर दारू बसलीय, अन् ती पुसणारे तुम्ही एकटेच हाव.

१२ तारखेच्या आत.

कस्तुरा

---

पिंपळे सौदागर,
२८ डिसेंबर २०२५

चि. कस्तुरा,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, तब्येत बरी नव्हती.

त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. वय झालं. रेकॉर्डवर जे आहे तेच बरोबर धरावं लागतं, त्याविरुद्ध मी शपथेवर काय सांगणार? माणसाची आठवणही कधी कधी आपल्याला हवं तसं बोलते. वाईट वाटून घेऊ नकोस.

परमेश्वर तुझं भलं करो.

मधुसूदन

---

काळेवाडी,
२० जानेवारी २०२६

मधुकाका,

अपील फेटाळलं. आठ-दहा मिनिटं चाललं असेल. साहेब वाईट नव्हते, वकीलबाईचं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, कागद दाखल होताना हरकत घेतलेली नाही, उलट हरकत नाही असं नमूद आहे, आता इतक्या वर्षांनी तक्रार ऐकता येणार नाही. वाक्य तसंच राहिलं. आता त्यावर दोन कोर्टांचे शिक्के झाले.

येताना बसमधी करिष्मानं विचारलं, आई, खरंच तू तेव्हा बोलली होती का? मी म्हणले, बाळा, बोललेच नसेन. मधुकाका तिथं होते, त्यांना आठवत नाही म्हणजे मी बोलले नाही. बाईमाणूस, कोर्टाला घाबरले असेन, अन् नंतर घरी येऊन मनातल्या मनात बोलले असेन. एवढी वर्षं तेच खरं धरून बसले. तुम्ही लिहिलं ते पटलं, की आठवण आपल्याला पाहिजे तसं बोलती.

आता तर मला बाकीच्या गोष्टींचाबी भरवसा वाटेना. काल चूल आवरताना मनात आलं, वास थिनरचाच होता ना? का मीच तसं म्हणत होते? अकरा वर्षांत पहिल्यांदा आलं असं मनात. त्यांच्या फोटोपुढं उभं राहायची लाज वाटली असती. बरं झालं, पोरीनं पेटीत ठेवलाय.

तुम्हाला उगं त्रास दिला. माफ करा.

कस्तुरा

---

पिंपळे सौदागर,
१५ फेब्रुवारी २०२६

कस्तुरा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. करिष्माकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच.

काल सांगवडेकरांचा शपथविधी झाला. शार्दूल आम्हा सगळ्यांना मुंबईला घेऊन गेला होता. चित्राने मला नवा कोट घालायला लावला. कानातलं यंत्र मी मुद्दाम बंद ठेवलं होतं. ते उभे राहून शपथ वाचत होते, त्यांचे ओठ मला दिसत होते: कुणाची भीती नाही, कुणाची बाजू नाही. आणि माझं बोट माझ्याच मांडीवर शॉर्टहँडमध्ये ते लिहू लागलं. एकतीस वर्षांची खोड. कुणीही बोललं की माझा हात लिहितो. मला सांगावं लागत नाही आणि मी थांबवून थांबत नाही.

त्या दिवशीही थांबला नव्हता.

तू बोललीस. सगळं बोललीस. तू बोलत होतीस तेव्हाच माझ्या वहीत ते उतरलं होतं. सांगवडेकर उठून म्हणाले, बाईंची हरकत नाही, नोंद व्हावी. न्यायाधीशसाहेबांना पुढची चाळीस प्रकरणं होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, 'हरकत नाही. एवढंच घ्या.' मी एवढंच घेतलं. 'हरकत न्हाई' आपल्या गावात कशी म्हणतात, ते त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. साहेब विदर्भातले, सांगवडेकर इथले. मी उठून एक वाक्य बोललो असतो, साहेब, त्यांच्याकडे याचा अर्थ 'खुशाल बघा' असा होतो, तर साहेबांनी ऐकलं असतं. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. मी बोललो नाही. स्टेनोने बोलायचं नसतं, असं स्वतःला सांगितलं. पुढच्याच वर्षी शार्दूल त्यांच्या ऑफिसात लागला. मी शब्द टाकला नव्हता. टाकावा लागला नाही.

ती वही सरकारजमा करायची होती. मी घरी आणली. का आणली ते माझं मलाच सांगता येत नाही. कपाटात कोटाखाली सात वर्षं आहे. तू पहिल्या पत्रात 'तुम्ही होता म्हणून मी बिनघोर होते' असं लिहिलंस, त्या रात्री काढून बघितली. डिसेंबरात तू सही मागितलीस तेव्हाही काढली, आणि मग तुला लिहिलं, आठवत नाही. कस्तुरा, मी खोटं लिहिलं. त्या पत्राने तू स्वतःवरच अविश्वास धरशील, हे मला सुचलं नव्हतं. तुझं जानेवारीचं पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही.

सोबत ते पान फाडून पाठवतो. तुला वाचता येणार नाही. शार्दूललाही येत नाही, आता फारसं कुणालाच येत नाही. शॉर्टहँडमध्ये अक्षर नाही, उच्चार लिहितात. म्हणून तू जशी बोललीस तशीच त्यात आहेस. तेच साध्या अक्षरात खाली देतो, एक मात्राही बदललेली नाही:

'हरकत न्हाई सायेब, बघा की. पन त्यो कागुद खोटा हाय. माझा मानूस थेंबाला शिवला न्हाई. त्यो वास थिनरचा हाय, कंपनीत जाऊन हुंगून बघा. मधुकाका, लिवा ह्ये.'

शेवटचं वाक्य तुला आठवत नसेल. तू माझ्याकडे वळून बोलली होतीस. मी वर बघितलं नाही, पण लिहिलं.

आता मी शपथपत्र द्यायला तयार आहे. वरच्या कोर्टात, नेमणूक करणाऱ्यांकडे, तू म्हणशील तिथे. शार्दूलला काय व्हायचं ते होवो. उशीर झाला आहे, हे जाणतो. मी पासष्ट वर्षांचा आहे, तब्येत ढासळली आहे, फार दिवस राहिले नाहीत. मोठ्या मनाने क्षमा करण्यास तुझी हरकत नसावी.

तुझा अपराधी,
मधुसूदन

---

काळेवाडी,
१ मार्च २०२६

मधुकाका,

पत्र मी स्वतःच वाचलं. दोन दिवस लागले.

आधी पेटी उघडली अन् यांचा फोटो काढला. करिष्माला सगळं सांगितलं. ती लहान मुलीसारखी रडली, अन् मग खिळा ठोकला. बापावर रुसून बसली होती पोर, कुणाला न सांगता. मलाबी रडू आलं, पण रागाचं आलं. अहो, वास थिनरचाच होता की! माझ्या नाकानं घेतलेला वास, अन् तुमच्या एका ओळीनं मी माझ्याच नवऱ्यावर शंका घेतली. सांगवडेकरानं माझ्याकडून जे काढून घेतलं नव्हतं, ते तुम्ही काढून घेतलं. तो परका तरी होता.

वकीलबाईला पान दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं. म्हणल्या, दिल्लीला सुप्रीम कोर्टात जायचा रस्ता अजून उघडा हाय, प्रयत्न करू. पण या रेघा वाचणार कोण, अन् सात वर्षं घरात का ठेवलं, असं विचारतील. १२ जानेवारीच्या आत मिळालं असतं तर गोष्ट वेगळी होती. तरी तुम्ही शपथपत्र द्या. त्या फोन करतील, शार्दूल उचलेल, तेव्हा त्याला खरं सांगा. कपाटात कोटाखाली जे ठेवलं, ते जेवणाच्या ताटावर बोला एकदा.

पहिल्या पत्रात तुम्हाला विचारलं होतं, जज नेमताना हरकत कुठं द्यायची. तुम्ही म्हणला, दार बंद हाय. काका, मला वाटत होतं ते दार मुंबईत नाहीतर दिल्लीत हाय. ते तर पिंपळे सौदागरात चौदाव्या मजल्यावर होतं, अन् किल्ली तुमच्या खिशात होती. त्या माणसाबद्दल जे सांगण्यासारखं होतं, ते सगळं एका पानावर होतं. नेमणाऱ्यांनी मला विचारलं नाही, हे खरं. पण मी न विचारता सांगितलेलं तुम्ही लपवलं.

पान परत पाठवत नाही. फोटोच्या मागं लावलंय. वाचता येत नसलं तरी ते माझं बोलणं हाय, एवढं मला कळतं.

शेवटी तुम्ही लिहिलंय, क्षमा करण्यास तुझी हरकत नसावी. आमच्याकडं दारात आलेल्याला हरकत हाय असं कुणी म्हणत नाही. माझी आई म्हणली नाही, मी म्हणले नाही. बबनरावानं कामावरून काढलं, तेव्हाबी तोंडातून तेच निघालं, हरकत नाही दादा. जन्मभर तेच म्हणत आले, अन् बघा, कुठं नेऊन ठेवलं त्यानं.

तर तुमचं पेन काढा. माझी हरकत हाय. तुम्हाला माफ करायला हरकत हाय, आज हाय अन् उद्याबी राहील.

काका, लिवा हे. अन् या वेळी पूर्ण लिवा.

कस्तुरा समाधान